दोन महिन्यांच्या बाळाच्या पापणीवरची लाल गाठ वाढतेय. आपोआप जाईल म्हणून थांबावं का?

नाही, पापणीवर आहे म्हणून थांबू नका. याच आठवड्यात बालत्वचारोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवलेली लालभडक, मऊ गाठ बहुधा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ असते. कर्करोग नव्हे. पण पहिल्या तीन महिन्यांत ती झपाट्याने वाढते, आणि डोळा झाकला गेला तर नजर कायमची अधू राहू शकते. निदान बहुतेकदा नुसतं बघून होतं, शंका असेल तरच सोनोग्राफी. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना प्रोप्रानोलॉल या हृदयाच्या औषधाने अशा गाठी ओसरताना दिसल्या. आता तोच पहिला उपाय आहे. डोस मात्र दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेचच द्यायचा. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर टाळायचा, नाहीतर या औषधाने रक्तातली साखर घसरू शकते. हीच गाठ छोटी आणि पाठीवर असती, तर नुसतं लक्ष ठेवा म्हटलं असतं.