सेल बायोलॉजिस्टचं काम किती मोठं आहे हे त्याच्या पेपरांच्या (छापून आलेल्या संशोधन लेखांच्या) आकड्यावरून कळतं का?

फारसं नाही. जपानी सेल बायोलॉजिस्ट योशिनोरी ओसुमींचंच बघा ना, २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं, पण स्वतःची लॅब सुरू झाली ती १९८८ ला टोकियो युनिव्हर्सिटीत, म्हणजे वयाच्या ४३व्या वर्षी! तेव्हाच्या पेपरांच्या यादीवरून कुणी म्हटलं नसतं की हा माणूस नोबेल घेणार.

त्यांनी केलं काय तर यीस्टच्या पेशीत व्हॅक्युओल म्हणून एक पिशवी असते, पेशीचा कचरा तिथे मोडला जातो, तर तो मोडणारी एन्झाइम्सच नसलेलं यीस्ट घेतलं आणि उपाशी ठेवलं, काही तासांत व्हॅक्युओल बारीक बारीक गोळ्यांनी भरून गेलं आणि त्या साध्या लाइट मायक्रोस्कोपखाली चक्क हलताना दिसल्या. हीच ऑटोफॅजी, पेशी स्वतःचेच भाग गिळते ती. ते १९९२ ला छापून आलं. पुढे १९९३ ला ऑटोफॅजी न जमणारे यीस्टचे म्युटंट (जीनमध्ये बिघाड झालेले प्रकार) शोधून १५ जीन्स गाठले, आणि हा पेपर आला कुठे तर फेब्स लेटर्स या जर्नलमध्ये, नेचर-सायन्ससारख्या नामांकित जर्नलमध्ये नाही. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

अजून एक, या क्षेत्रात नावांचा क्रम बघायचा, प्रयोग करणारा सहसा पहिला आणि लॅबचा प्रमुख शेवटी. वरच्या दोन्ही पेपरांत ओसुमी शेवटीच आहेत. नुसतं पहिलं नाव बघून मोजाल तर त्यांचं सगळ्यात गाजलेलं कामच यादीतून गळेल.