मेलबॉक्स हलवण्याआधी डिरेक्टरी जुळवा: एक्स्चेंज २०१६ ते एक्स्चेंज ऑनलाइन

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. कार्यालयातल्या एक्स्चेंज २०१६ या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर तीनशेच्या आसपास मेलबॉक्स आहेत, ते एक्स्चेंज ऑनलाइनवर म्हणजे क्लाउडमध्ये न्यायचेत, आणि कार्यालयातली खाती क्लाउडशी जुळती ठेवणारं (सिंक करणारं) एन्ट्रा कनेक्ट (पूर्वीचं अझ्युर एडी कनेक्ट) लावून झालंय. पण टीम्स वापरायला म्हणून काही जणांची क्लाउड खाती त्याआधीच हाताने उघडून लायसन्स दिलं होतं. आता त्या लोकांचे दोन-दोन मेलबॉक्स झालेत. त्यातल्या काहींचा जुना मेलबॉक्स डिसेबल करून त्यांची पीएसटी (मेल साठवलेली आउटलुकची फाइल) क्लाउडमध्ये ओतलीत, तर त्यांना सहकाऱ्यांनी पाठवलेली मेल ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणाऱ्या लांबलचक पत्त्यासकट परत येतेय. सर्व्हर दमलाय की नेट कमी पडतंय, असं विचारलंय. दोन्ही नाही. घोळ डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या नोंदवहीत आहे, आणि तिथे तो निस्तरेपर्यंत पुढची बॅच (एकदम हलवायच्या मेलबॉक्सचा गट) लावू नका.

एक्स्चेंज माणसाला ओळखतो ते ईमेल पत्त्यावरून नव्हे. प्रत्येक मेलबॉक्सचा स्वतःचा जीयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, असतो. सिंक व्यवस्थित असेल तर तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (कार्यालयातल्या डिरेक्टरीतून) क्लाउडमधल्या युजरवर जाऊन बसतो. मग लायसन्स दिलं तरी एक्स्चेंज ऑनलाइन नवा मेलबॉक्स तयार करत नाही, कारण ‘याचा मेलबॉक्स दुसरीकडे आहे’ हे त्याला कळलेलं असतं. तुमच्याकडे क्रम उलटा झाला. आधी लायसन्स, त्यामुळे क्लाउडमध्ये कोरा मेलबॉक्स. नंतर सिंक आलं, पत्ता जुळला म्हणून दोन खाती एक झाली, पण तिथे आधीच वेगळा मेलबॉक्स बसलेला असल्यामुळे जुना जीयूआयडी शिरू शकला नाही. अशा युजरची बॅच अडकणारच.

ज्यांचे दोन्ही मेलबॉक्स अजून जिवंत आहेत, त्यांच्यासाठी असं करा. क्लाउडमधल्या मेलबॉक्समध्ये काही कामाचं आलंय का ते उघडून बघा, असेल तर एक्स्पोर्ट करून घ्या. मग फक्त एक्स्चेंजचं लायसन्स काढा, बाकीची राहू देत. त्यानंतर पॉवरशेलमधून सेट-युजर या कमांडला जुन्या मेलबॉक्सची माहिती कायमची पुसणारा स्विच (नावात ‘पर्मनंटली क्लिअर’ आहे तोच) लावून चालवा. हा स्विच चालवला की त्या क्लाउड मेलबॉक्सला पुन्हा जोडता येत नाही, म्हणून एक्स्पोर्ट आधी. पुढच्या सिंकनंतर तो युजर क्लाउडमध्ये ‘मेल युजर’ (ज्याचा मेलबॉक्स दुसरीकडे आहे असा) म्हणून दिसला पाहिजे, आणि त्याचा एक्स्चेंज जीयूआयडी कार्यालयातल्या मेलबॉक्सशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून डोळ्यांनी तपासा. जुळला की लायसन्स परत द्या. सिंक दर ३० मिनिटांनी होतं. घाई असेल तर डेल्टा सिंक (फक्त झालेले बदल नेणारं) हाताने चालवता येतं.

आता बाउन्सचं. आउटलुक पत्त्यांच्या सूचना लक्षात ठेवतं तेव्हा आतल्या माणसाचा एसएमटीपी (म्हणजे नेहमीचा ईमेल) पत्ता ठेवत नाही, एक्स्चेंजचा जुन्या धाटणीचा एक्स५०० पत्ता ठेवतं. जुन्या मेलला ‘रिप्लाय’ केलं किंवा जुनी मीटिंग बदलली, तरी तोच वापरला जातो. मेलबॉक्स डिसेबल केलात तेव्हा तो पत्ता युजरवरून पुसला गेला, पण सगळ्यांच्या आउटलुकमध्ये तो आहेच. अनेक ठिकाणी हेल्पडेस्क प्रत्येकाला ऑटोकंप्लीट, म्हणजे या लक्षात ठेवलेल्या सूचना, साफ करायला लावतो. तीनशे जणांच्या टेबलाशी जाण्यात काही अर्थ नाही, आणि जुन्या मेल तरीही तशाच राहतात.

त्याऐवजी परत आलेल्या मेलमधला तो पत्ता घ्या. सुरुवातीचा ‘आयएमसीईएईएक्स-’ आणि शेवटचं ॲट चिन्हापासूनचं डोमेन काढून टाका. जिथे अंडरस्कोर आहे तिथे तिरपी रेघ, +२० च्या जागी मोकळी जागा, +२८ आणि +२९ च्या जागी उघडता आणि मिटता कंस, +२ई च्या जागी टिंब. (आकडे आणि ई, सगळं रोमन लिपीत असेल.) हाती येईल तो त्या माणसाचा जुना एक्स५०० पत्ता. पण तो टाकण्याआधी कार्यालयातल्या एक्स्चेंजवर त्या युजरला ‘रिमोट मेलबॉक्स’ (मेलबॉक्स क्लाउडमध्ये आहे असा) म्हणून एनेबल करा. सध्या तुमच्या सर्व्हरच्या लेखी हा माणूस मेलवाला नाहीच. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या प्रॉक्सी ॲड्रेसेसमध्ये (त्या युजरच्या सगळ्या पत्त्यांच्या यादीत) एक्स५०० हा उपसर्ग लावून पत्ता घाला. क्लाउडमध्ये घालायला जाल तर ‘हा ऑब्जेक्ट तुमच्या संस्थेतून सिंक होतो’ अशा अर्थाची एरर येईल, आणि ती बरोबरच आहे: सिंक लावलं की मालक ॲक्टिव्ह डिरेक्टरी.

उरलेल्यांसाठी पीएसटीचा नाद सोडा. कार्यालयातला सर्व्हर आणि क्लाउड जोडणारा हायब्रिड विझार्ड चालवून मायग्रेशन बॅचनेच हलवा. यात मेलबॉक्सचा जीयूआयडी तोच राहतो, त्यामुळे कटओव्हरला (क्लाउडवर जायच्या क्षणी) आउटलुक बंद करून उघडायला सांगतं आणि काम चालू होतं. ओएसटी फाइल (मेलबॉक्सची संगणकावरची प्रत) पुन्हा उतरवावी लागत नाही. बॅच आठवडाभर आधी लावून ठेवा आणि पूर्ण करण्याची वेळ शनिवार रात्रीची द्या. मधल्या काळात नव्या मेल रोज मागून भरत राहतात. नेटचा हिशेब मात्र आधी करा. १ टीबी डेटा ५० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनवरून, लाइन पूर्ण मोकळी आहे असं धरलं तरी, ४४ तासांहून जास्त घेतो. आणि लाइन पूर्ण मोकळी कधीच नसते. साहेब आणि त्यांच्या मेल बघणारे पीए एकाच बॅचमध्ये घ्या. ‘सेंड ॲज’ (दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवायची) परवानगी सिंक होत नाही, ती दोन्हीकडे वेगळी द्यावी लागते.

बॅच लावण्याआधी डिरेक्टरीतल्या चुका शोधणारं आयडीफिक्स चालवून एकच पत्ता दोन खात्यांवर आहे का ते बघा. लॉगिन नावाच्या शेवटी ‘.लोकल’ असेल तर खरं डोमेन जोडून ते बदला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या आकाराच्या कंपनीत मला तिचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. एन्ट्रा कनेक्टमध्ये चुकून सामूहिक डिलीट होऊ नये म्हणून मर्यादा असते आणि ती मुळात ५०० वर असते. तुमच्याकडे युजरच तीनशे. उद्या कोणी ओयू फिल्टरमधली (डिरेक्टरीतल्या खात्यांचे कोणते गट, म्हणजे ओयू, सिंक करायचे ते ठरवणारी) एक खूण काढली, तर सगळी कंपनी क्लाउडमधून उडेल आणि ती मर्यादा चकार शब्द काढणार नाही. ती १५-२० वर आणा. डिलीट झालेले युजर ३० दिवस परत आणता येतात, पण सोमवारी सकाळी तीनशे जणांचे फोन वाजत असताना ते करायची वेळ येऊ नये. ‘सोडून गेलेले’ अशी ओयू सिंकच्या बाहेर ठेवलीय का, तेही बघा. माणूस तिथे टाकला की क्लाउडमधलं खातं गेलं.

एक्स्चेंज २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे सगळे मेलबॉक्स गेले की सर्व्हर उडवायचा मोह होईल. सिंक चालू आहे तोवर तो अनइन्स्टॉल करू नका. एक्स्चेंज २०१९ च्या सीयू१२ या अपडेटपासून नुसती मॅनेजमेंट टूल्स ठेवून शेवटचा सर्व्हर बंद ठेवता येतो. त्याची तयारी वेगळी करावी लागते, ते नंतर बघू.

तूर्तास इतकं कळवा: डिसेबल केलेल्या मेलबॉक्सना ३० दिवस झालेत का? झाले नसतील आणि सर्व्हरवरची मुदत कोणी बदलली नसेल, तर ते अजून परत जोडता येतील आणि पीएसटीची भानगडच उलटवता येईल.