आय५-३४७० की आय७-२६००: जुन्या पीसीसाठी सेकंडहँड इंटेल प्रोसेसर कोणता घ्यावा?

थोडक्यात सांगायचं तर व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर २६००, नाहीतर ३४७० घ्या आणि वाचलेले पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान ड्राइव्हमध्ये) घाला.

दोन्ही एकाच ११५५ सॉकेटचे (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आणि दोन्हींत चार कोअर, म्हणजे काम करणारे चार भाग. २६०० हा २०११ चा, ३४७० त्यानंतरच्या वर्षीचा. २६०० चा कमाल टर्बो (गरज पडली की वाढणारा क्लॉक, म्हणजे वेग) ३.८ गिगाहर्ट्झ, ३४७० चा ३.६, पण नवी पिढी तेवढ्याच क्लॉकवर थोडं जास्त काम करते, त्यामुळे ब्राउझर, एक्सेल, टॅली यांत फरक जाणवणारच नाही. खरा फरक हायपरथ्रेडिंगचा, म्हणजे एका कोअरने एकाच वेळी कामाचे दोन धागे (थ्रेड) हाताळण्याचा. २६०० ला आठ थ्रेड आहेत, ३४७० ला चारच. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना ते आठही थ्रेड कामाला लागतात आणि वेळ चांगलाच वाचतो. वीज मात्र २६०० जास्त खातो: ९५ वॅट विरुद्ध ७७.

घेण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल बघाच. एच६१ चिपसेटच्या बोर्डवर ३४७० साठी बहुधा बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर काढायच्या आधीच करावं लागतं, नाहीतर स्क्रीनवर काहीच येणार नाही. ऑफिसांतून निघालेल्या काही ब्रँडेड पीसींत तर ३४७० चालतच नाही. तिथे निमूटपणे २६०० घ्यावा.

विंडोज ११ ला अधिकृतपणे दोन्ही चालत नाहीत. म्हणून केवळ ‘आय७’ या नावासाठी दुकानदार दुप्पट भाव सांगत असेल तर अजिबात देऊ नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि रॅम ८ जीबी केलीत की पीसी जास्त पळेल.