शाफ्ट आजच्या हाताचा

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल वाचले आणि आज सकाळी पुन्हा एकदा वाचले. उद्यमबागेतल्या तुझ्या वर्कशॉपमध्ये ते निवृत्त सुभेदारसाहेब आपला गोल्फच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्यांचा, जुना संच घेऊन आले, ग्रिप म्हणजे मुठी बदलायला सांगता सांगता त्याच वजनाचे, त्याच ‘स्टिफ’ म्हणजे कडक जातीचे नवे स्टीलचे शाफ्ट, म्हणजे दांडे, बसवून दे म्हणाले, आणि तू त्यांचा स्विंग मोजल्यावर गप्प बसलास. वडिलांच्या वयाच्या माणसाला हे तुम्हाला आता झेपणार नाही असे कोणत्या तोंडाने सांगायचे, की गिऱ्हाईक मागते ते द्यावे आणि मोकळे व्हावे, अशा पेचात तू सापडला आहेस. तू प्रामाणिक आहेस म्हणूनच हा पेच पडला, तेव्हा प्रामाणिकपणाबद्दल मी काही सांगत बसणार नाही. शाफ्टबद्दल सांगतो. शाफ्ट आजच्या हाताला द्यायचा असतो. वीस वर्षांपूर्वी त्या हाताने काय केले, याची नोंद शाफ्टकडे नसते.

तूच लिहिले आहेस की सात नंबरच्या आयर्नला त्यांच्या हेडचा, म्हणजे काठीच्या पात्याचा, वेग ताशी ६५ मैलांच्या आसपास येतो. अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांचा हाच वेग सरासरी ९० मैलांच्या घरात असतो आणि तिथल्या महिला व्यावसायिकांचा ७६ च्या. सुभेदारसाहेब मागतात तो डायनॅमिक गोल्ड एस ३०० हा शाफ्ट कापण्यापूर्वी सुमारे १३० ग्रॅम भरतो, आणि तो ज्या हातांसाठी घडवलेला आहे ते हात पहिल्या गटातले आहेत. जगातल्या निवडक महिला खेळाडूंपेक्षाही ज्याचा वेग दहा मैलांनी कमी, त्याने त्यांच्यापेक्षा जड आणि कडक शाफ्ट का वागवावा, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

आणि तू पत्रात पुन्हा पुन्हा फ्लेक्सबद्दलच, म्हणजे शाफ्ट किती लवतो याबद्दलच, विचारतोस. आर म्हणजे रेग्युलर द्यावा की त्याहून मऊ सीनियर द्यावा! अरे, ही अक्षरे कोणत्याही एका सर्वमान्य मापाला बांधलेली नाहीत. प्रत्येक कंपनी ती आपापल्या सोयीने ठरवते आणि एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका, म्हणजे स्टिफइतका, कडक निघतो. वजन मात्र काट्यावर ठेवून पाहता येते. आधी वजन ठरव, फ्लेक्स त्याच्या मागून येऊ दे. मी आयुष्यभर फाउंड्रीत काढले. आमच्याकडे फेटलिंगला, म्हणजे ओतलेली कास्टिंग साफ करायला, बसणारा कामगार साठीकडे झुकला की त्याच्या हाती हलका हातोडा दिला जाई, आणि त्यात त्याचा अपमान झाला असे कधी कोणाला वाटले नाही, कारण कास्टिंग साफ निघते की नाही एवढेच पाहिले जाई. गोल्फच्या मैदानावर मात्र तीच माणसे शाफ्टवरचे अक्षर छातीवरच्या बिल्ल्यासारखे मिरवतात.

पण हलके म्हणजे किती हलके, याचाही विचार कर. १३० ग्रॅमवरून एकदम ५० ग्रॅमवर उतरू नकोस. ज्याने उभी हयात जड स्टील फिरवले त्याच्या हाती इतका हलका शाफ्ट आला की बॅकस्विंग पुरा होण्याआधीच हात खाली सुटतात आणि हेड नेमके कुठे आहे हे मनगटांना कळेनासे होते. त्यांच्या बांध्याला ७० ते ८० ग्रॅमचा ग्रॅफाइट योग्य वाटतो. स्टीलचाच हट्ट असेल तर ९५ ग्रॅमच्या आसपासचे हलके स्टील मिळते, तेही चालेल. त्यांची बोटे पुरती मिटत नाहीत म्हणून तू जाड ग्रिप सुचवली आहेस, ते बरोबर आहे. पण ग्रिप चार-पाच ग्रॅमने जड झाली की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड लागते याचे माप, एका अंकाने खाली येते, शाफ्ट हलका केल्याने ते आणखी उतरते, आणि दोन्ही एकदम केलेस तर क्लबच्या टोकाला काही आहे असेच त्यांना वाटणार नाही. हेडवर दोन ग्रॅम शिशाची पट्टी लावली की एक अंक परत मिळतो आणि लांबी अर्धा इंच वाढवली की तीन. पाव इंच लांबी आणि थोडे शिसे यांवर भागव. अर्धा इंच वाढवलास तर चेंडू हेडच्या मध्यावर आणणे त्यांना अवघड जाईल.

आमच्या मैदानावर ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांचा विषय निघाला की मला अजून अस्वस्थ व्हायला होते. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, आणि त्यांच्यासारखा नितळ स्विंग मी बेळगावात दुसरा पाहिला नाही. साठी उलटल्यावर कोपर दुखू लागले, तरी शाफ्ट तेच. आपले मैदान पावसाळ्यात मऊ असते, पण फेब्रुवारीपासून वळवाच्या सरी येईपर्यंत खालची जांभ्याची तांबडी जमीन इतकी कडक होते की चेंडूच्या बोटभर आधी हेड टेकले तर त्याचा झटका शाफ्टमधून सरळ कोपरात जातो, आणि जड स्टील तो झटका जवळजवळ जसाच्या तसा पोहोचवते. ग्रॅफाइट त्यातला बराचसा आपल्या अंगात जिरवते. त्या काळी असा शाफ्ट मिळवायचा तर परदेशातून येणाऱ्या कोणाला तरी गळ घालावी लागे. दोन उन्हाळे त्यांनी कोपराला पट्टा बांधून काढले आणि मग एक दिवस बॅग घरी नेली ती परत आणलीच नाही. पुढे माझ्या हाती हलके शाफ्ट आले तेव्हा त्यांना क्लब धरण्याचीही इच्छा उरली नव्हती. खेळ त्यांच्या हातात आणखी दहा वर्षे सहज टिकला असता. म्हणून सांगतो, सुभेदारसाहेबांना जे हवे ते देऊन त्यांना वाटेला लावू नकोस.

मी स्वतः एकसष्टाव्या वर्षी ग्रॅफाइट घेतले तेव्हा कॅम्पात मला ‘लेडीज शाफ्ट’ म्हणून ऐकवले गेले, आणि ऐकवणारे माझे चांगले मित्र होते. तरी मी ते शाफ्ट परत बदलले नाहीत. ब्रायसन डिशॅम्बो यांनी २०२० ची यूएस ओपन जिंकली तेव्हा त्यांच्या आयर्नमध्येही ग्रॅफाइटच होते, आणि त्यांच्याइतका जोरकस फटका मारणारे फार थोडे आहेत. तेव्हा ग्रॅफाइट म्हणजे दुबळ्याचा आधार हे म्हणणे तेव्हाही खोटे होते आणि आजही खोटे आहे. चार आणि पाच नंबरचे आयर्न मी बॅगेतून काढून टाकले आणि त्यांच्या जागी मारायला सोपे, जाड हेडचे हायब्रिड घातले, त्यावरही बोलणी खाल्ली. वाळूतून चेंडू काढायच्या सँड वेजमध्ये मात्र मी अजून जुने जड स्टीलच ठेवले आहे, आणि यात विसंगती आहे असे तू म्हणालास तर मला ते मान्य नाही. तो क्लब मी पूर्ण ताकदीने कधीच फिरवत नाही. अर्ध्या स्विंगला वजन हाताला स्थिर ठेवते. माझ्या आजच्या हाताला तिथे वजन हवे आहे आणि सातला नको आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता हेडबद्दल. सुभेदारसाहेबांची हेड जुनी, फोर्ज केलेली, पातळ पात्याची आहेत असे तू लिहितोस आणि त्याऐवजी जाहिरातीतला नवा संच सुचवावा असे तुझ्या मनात आहे. घाई करू नकोस. कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने पिंग कंपनीच्या हेडची पाठ पोकळ करून वजन कडेला नेले आणि १९८२ च्या पिंग आय २ ने ते घरोघर पोहोचवले, तेव्हापासून मध्याबाहेर लागलेला फटका पूर्वीइतका वाया जात नाही हे खरे आहे. मेणाच्या साच्यावरून ओतलेल्या स्टेनलेस स्टीलच्या हेडमध्ये धातू हवा तिथे ठेवता येतो, हे फाउंड्रीवाल्याला कोणी समजावून सांगायला नको. पण आजच्या अनेक संचांत सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे पात्याच्या तोंडाचा कल, २८-२९ अंशांवर आणला आहे, आणि त्यांच्या जुन्या सातचा तो ३५-३६ असेल. लांब जाते म्हणून दुकानात माणूस खूश होतो. ६५ मैलांच्या वेगाला २८ अंशांवरून चेंडू पुरेसा चढतच नाही, सपाट येऊन पडतो आणि आपल्या कडक ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवरून, पलीकडे निघून जातो. २००९ साली टर्नबेरीला ५९ वर्षांच्या टॉम वॉटसन यांचा शेवटच्या होलवरचा आठ नंबरचा फटका उत्तम बसूनही कडक जमिनीवरून ग्रीनच्या मागे गेला आणि ब्रिटिश ओपन हातची निसटली. त्यांच्यासारख्याच्या चेंडूची ही गत, तर लॉफ्ट चोरलेल्या क्लबने आपण काय थांबवणार? शिवाय अशा संचात पिचिंग वेज ४३-४४ अंशांवर येतो, त्यांचा सँड वेज ५६ चा, आणि मधली जागा रिकामी पडते. हेड बदलायचीच वेळ आली तर पोकळ पाठीची, रुंद तळाची आणि सातला निदान ३२-३३ अंश लॉफ्ट असलेली शोध. आधी शाफ्ट.

त्यांना कसे सांगायचे, हा तुझा मूळ प्रश्न. तोंडाने सांगूच नकोस. त्यांच्याच संचातल्या सातला हलका शाफ्ट बसव आणि सहा-आठ तसेच राहू दे. बसवण्यापूर्वी होझेलचे, म्हणजे हेडमध्ये शाफ्ट बसतो त्या नळीचे, भोक मोज: जुन्या फोर्ज्ड हेडला बहुधा ०.३५५ इंचाचे निमुळते टोक लागते आणि सहज मिळणारे ग्रॅफाइट शाफ्ट ०.३७० चे, समांतर टोकाचे असतात. होझेल बोअर करून घेता येते, पण भिंत किती पातळ उरते ते पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नकोस. शाफ्टवरचे नाव आणि अक्षर काळ्या टेपने झाक.

आणि चाचणी सकाळी ताज्या दमाने घेऊ नकोस, ही गोष्ट मी तुला निक्षून सांगतो. पहिल्या चार फटक्यांत प्रत्येक म्हातारा चाळीस वर्षांचा असतो. त्यांना निदान बारा होल चालू दे, पाठ थोडी धरू दे, मग दोन्ही क्लब हाती दे आणि हेडच्या तोंडावर पायाला लावायच्या पावडरीचा हलका फवारा मार. चेंडूचा ठसा कुठे उमटतो ते त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी पाहू दे. जड शाफ्टवर तो बहुधा खालच्या कडेला आणि टोकाकडे सरकलेला दिसेल, कारण दमलेले हात हेडला वेळेत पोहोचवू शकत नाहीत. आजचा हात म्हणजे बाराव्या होलनंतरचा हात.

महिनाभर तो एकच क्लब त्यांच्याकडे राहू दे आणि तोवर पैसे घेऊ नकोस. बाकीच्या शाफ्टची लांबी त्यानंतर ठरव, आणि पहिला कापण्यापूर्वी संच घेऊन माझ्याकडे ये. रविवारी दुपारनंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका