ज्ञानाचा कोपरा आणि दाराआडच्या पिशव्या

प्रश्न : कोपरखैरण्यात आमचं वन रूम किचन आहे, माणसं चार. यंदा मी मुक्त विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलंय, पण घरात अभ्यासाला बसवत नाही. फेंगशुईतला ज्ञानाचा कोपरा कुणी ईशान्येला सांगतं, कुणी दारातून आल्यावर डाव्या हाताला. नक्की कुठला धरू?

दोन्ही बरोबर आहेत, कारण परंपराच दोन आहेत. जुन्या, होकायंत्राच्या पद्धतीत ईशान्य ही 'गेन'ची, म्हणजे पर्वताची दिशा : स्थिर बसणं, अभ्यास, स्वतःला घडवणं. दुसरी पद्धत फेंगशुईचे गुरू लिन युन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत रुजवली. तिच्यात दिशा बघत नाहीत. मुख्य दाराची भिंत पायथा धरून नकाशा मांडतात आणि आत शिरताना डावीकडचा अगदी जवळचा कोपरा ज्ञानाचा ठरतो. एक कुठली तरी धरा. दोन्ही एकदम लावल्या की सामान नुसतं इकडून तिकडे फिरत राहतं.

तुमच्यासाठी आम्ही दारावरची पद्धत सुचवू. छोट्या घरात नेमक्या त्याच जागी चपलांचा रॅक, छत्र्या, जुनी वर्तमानपत्रं आणि दाराआडच्या खिळ्यावर पिशवीत पिशवी कोंबलेली असते. आधी दार उघडून बघा. भिंतीपर्यंत जात नसेल, मध्येच पिशव्यांवर दबून परत येत असेल, तर काम तिथूनच सुरू करा. फेंगशुई या शब्दाचा अर्थच वारा आणि पाणी, आणि वारा घरात येतो तो दारातून.

रोज अर्धाच तास, घड्याळ लावून. तीन गोणी घ्या : द्यायचं, रद्दी-भंगार, आणि 'ठरत नाही'. तिसरीचं तोंड बांधून वर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा. तोवर उघडावी लागली नाही, तर न उघडता देऊन टाका. मात्र कागद तिच्यात घालू नका. घराचा करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एका फाइलमध्ये आधीच बाजूला काढा. बहुतेकांचं फसतं ते दोन ठिकाणी : पहिल्याच रविवारी अख्खं कपाट पलंगावर ओततात आणि रात्री झोपायला जागा लागते म्हणून सगळं परत कोंबतात, किंवा आधी प्लास्टिकचे डबे विकत आणतात. डबे सगळ्यात शेवटी, उरलेलं सामान मोजून आणा.

कोपरा मोकळा झाला की भिंतीला कब्जांवर दोन बाय दीड फुटाची घडीची फळी बसवा. पाठ शेजारच्या भिंतीला, दार नजरेत, पण दाराच्या सरळ रेषेत नको. पाठीमागून माणसं ये-जा करत असली की लक्ष तिकडेच राहतं. डोक्यावर तुळई येत असेल तर थोडं सरकून बसा. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे, म्हणजे वहीवर हाताची सावली पडत नाही. फळीवर चालू विषयाचीच पुस्तकं ठेवा. कुणी इस्त्रीचे कपडे ठेवू लागलं तर पहिल्याच दिवशी उचलायला लावा.

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. पलंगाखाली काही ठेवू नये म्हणतात, पण आमचा बॉक्सबेड आहे. तो काढून टाकायचा का?

नको. आत फक्त झोपेच्या वस्तू ठेवा : चादरी, रजया, उश्या. जुनी बिलं, हत्यारं, बिघडलेला मिक्सर बाहेर. मुख्य शत्रू दमटपणा. पावसात बाहेरची भिंत गार पडते आणि तिला चिकटलेल्या प्लायमागे हवा खेळत नाही, म्हणून बुरशी धरते. पलंग भिंतीपासून तीन इंच ओढा आणि दोन्ही बाजूंना इंचभराची तीन-तीन भोकं सुताराकडून पाडून घ्या. मे महिन्यात रजयांना ऊन दाखवल्यावर लगेच बांधू नका. तास-दोन तास पंख्याखाली गार होऊ द्या, नाहीतर वाफ आतच कोंडते.

प्रश्न : हॉलमधला लकी बांबू पिवळा पडतोय. अपशकुन समजायचा का?

नाही. तो खरा बांबू नव्हे, ड्रासिनाची जात आहे. खिडकीतलं थेट ऊन आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला सोसत नाही. रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी घाला, मुळं बुडतील एवढंच. पिवळी पडलेली कांडी काढून टाका, तिच्यामुळे बाकीच्याही कुजतात. पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला आणि भांडं आतून घासा. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.