पोरगं सेन्सरच्या मागे लागलंय आणि तुम्ही तिसरा ड्रॉप म्हणताय

भाऊ, मानेवाड्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगा बारावी पीसीएमबी (मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही) झालाय, मग दोन वर्षं ड्रॉप घेऊन, म्हणजे कॉलेजला न जाता, नीट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा दोनदा दिली, आधी 312 मार्क आणि आता 389. तुम्हाला तिसरा ड्रॉप द्यायचाय, आणि तरी नाहीच जमलं तर काटोलची संत्र्याची बाग विकून प्रायव्हेट एमबीबीएस. मधल्या काळात आजीचं धंतोलीत गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं, त्यात डॉक्टरांनी सेन्सर वापरला, नंतर मुलाला स्क्रीनवरचे आकडे समजावून सांगितले आणि तेव्हापासून तो त्यातच गुंतलाय. तुमचा प्रश्न असा की त्याचं डोकं परत नीटवर कसं आणू?

माझं स्पष्ट मत, आणू नका.

मार्कांपेक्षा मला काळजी वाटली ती तुमच्या बागेच्या वाक्याची. तुम्हीच लिहिलंय की रोज जेवताना त्याला सांगता, "बाग विकीन पण तुला डॉक्टर करीन." तुम्ही हे प्रेमाने म्हणता यात मला काही शंका नाही, पण एकोणीस वर्षांच्या पोराला ताटावर बसल्यावर रोज हे ऐकू येतं की माझा एक पेपर बिघडला तर आजोबांनी लावलेली झाडं जाणार, आणि तेच डोक्यात घेऊन तो तीन तासांच्या पेपरला बसतो. मग पुढे तुम्ही लिहिलंय, "आजकाल घरात फारसा बोलत नाही, म्हणजे अभ्यासाला लागला असेल." भाऊ, बोलणारं पोरगं गप्प झालं की त्याला अभ्यासाला लागणं म्हणत नाहीत हो. आज रात्री त्याच्याजवळ बसा, नीटचं नावही काढू नका, झोप लागते का, जेवण जातं का एवढंच विचारा. तुमच्याशी नसेल बोलत तर मनावरचा ताण बोलायला टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आता त्याने घरी बनवलेल्या यंत्राबद्दल, ज्याला तुम्ही "टाइमपास" म्हणता. दोन फळ्या, त्यांच्या खाली जुन्या वजनकाट्यातले लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर), एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट) आणि छोटा डिस्प्ले. आजी दोन फळ्यांवर दोन पाय ठेवून उभी राहते आणि कुठल्या पायावर किती किलो पडतंय ते दिसतं. ऑपरेशननंतर आजी घाबरून सगळं वजन चांगल्या पायावर टाकत होती हे त्याच्या लक्षात आलं म्हणून त्याने हे बनवलं, कोणी शिकवलं नाही, कोणी सांगितलं नाही. आणि तुम्ही तो डबा सोल्डरिंग गनसकट माळ्यावर टाकलात! मला खरंच वाईट वाटलं वाचून.

तुमचा एक गैरसमज मात्र नीट काढायला हवा, कारण तो खूप घरांत आहे. तुम्ही म्हणता, सेन्सर डॉक्टरच वापरणार, इंजिनीअर झाला तर हॉस्पिटलमध्ये मशीन रिपेअर करत बसेल. बघा, आजीच्या गुडघ्यात काय झालं असेल ते सांगते. हाडं कापून धातूचे भाग बसवले की मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा येतो. कायमचा तुकडा टाकायच्या आधी तिथे तशाच आकाराचा, आत सेन्सर असलेला ट्रायलचा तुकडा ठेवतात. सर्जन गुडघा वाकवतो, सरळ करतो आणि आतल्या बाजूला किती दाब, बाहेरच्या बाजूला किती, ते वायरलेसने स्क्रीनवर येतं. दोन बाजूंत साधारण 15 पाउंडाच्या आत फरक असेल तर बॅलन्स झाला असं धरतात. नसेल तर जिकडचं लिगामेंट बाजेच्या सुतळीसारखं जास्त ताणलेलं असेल तिकडे सर्जन ते थोडं सैल करतो किंवा हाड अजून थोडं घेतो, आणि शेवटी सेन्सर काढून खरा तुकडा बसवतो. म्हणजे सेन्सर कापत नाही, ठरवतही नाही, फक्त मोजून दाखवतो. पण तो एवढ्याशा जागेत बसवणं, निर्जंतुक करूनही आकडा बरोबर येणं, हे काम इंजिनीअरचंच आहे. तुमचा मुलगा फळीवर दोन पायांचा दाब मोजतोय, तिथे गुडघ्याच्या दोन बाजूंचा मोजतात.

आणि पत्राच्या शेवटी त्याने स्वतः पेनने एक ओळ लिहिलीये, "आकडे बरोबर आले तरी आजीचा गुडघा अजून का दुखतो?" पहिले काही महिने सूज आणि दुखणं असतं, फॉलोअपला दाखवत रहा. पण हा प्रश्न फार मोठा आहे. सेन्सरने बॅलन्स जास्त अचूक होतो, पण त्यामुळे पेशंटला पुढे नक्की बरं वाटतं असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. टेबलावर भूल दिलेली असते, स्नायू ढिले असतात, तेव्हा आकडा येतो तो मुख्यतः लिगामेंटच्या ताणाचा, जिना चढताना काय होतं ते त्यात नसतं. म्हणूनच 2021 मध्ये अमेरिकेत पर्सोना आयक्यू नावाच्या कृत्रिम गुडघ्याला मंजुरी मिळाली, त्याच्या आत कायमचा सेन्सर असतो आणि तो घरी गेल्यावरही पावलं, चालण्याचा वेग, गुडघा किती वाकतो ते नोंदवतो. तुमचं पोरगं याच प्रश्नापाशी येऊन उभं आहे.

रस्ता सर्जनचाही आहे, साडेपाच वर्षं एमबीबीएस, नीट पीजी, तीन वर्षं एमएस ऑर्थो, पण तो त्याला हवाय असं पत्रात कुठेच दिसत नाही. तुम्ही सहज लिहून गेलात की "सवय म्हणून" दिलेल्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेत, पीसीएमला 91 पर्सेंटाईल आलेत. दोन वर्षं मॅथ्स न उघडता! यावर्षीच कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीला, बसवा, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन बघा. नावात बायोमेडिकल आहे म्हणून कुठल्याही कॉलेजात टाकू नका, कारण तिथून पुढे बरीच पोरं मशीन विकण्यात आणि सर्व्हिसिंगमध्येच जातात, आणि तेवढ्यापुरती तुमची भीती खरी आहे. पाया पक्का करून, पुढे गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन एमटेकला बायोमेडिकलकडे वळता येतं. आयआयटी मुंबईच्या बेटिक या मेडिकल उपकरणांच्या केंद्राशी आपलं नागपूरचं व्हीएनआयटी कॉलेजही जोडलेलं आहे, तिथे कॉलेजच्या पोरांसाठी काही वर्कशॉप आहे का ते त्याला स्वतः जाऊन विचारू द्या.

कोचिंगचा पुढचा हप्ता भरू नका. डोमिसाईल आणि लागू असेल तर नॉन क्रीमी लेयरचे कागद आत्ताच काढायला टाका, दरवर्षी सेतू केंद्रावर शेवटच्या आठवड्यात रांगा लागतात आणि चांगले पर्सेंटाईल असलेली पोरं कागदापायी अडकतात. कॉलेजांची पसंतीची यादी त्यालाच भरू द्या, तुम्ही फक्त फी आणि बसचं अंतर बघा.