कुत्र्याला कच्चं चिकन द्यावं का? मी ८ महिने दिलं, आता देत नाही

तुम्ही विचारलंय की ७ महिन्यांचा लॅब म्हणजे लॅब्राडोर आहे, मित्र म्हणतो पाकिटातलं खाणं बंद कर आणि रॉ डाएट (म्हणजे कच्च्या मांसाचं खाणं) चालू कर, केस चमकतात, खाज जाते, शी कमी होते, तर यात खरं काय आणि धोका काय. आणि शेवटी सहज लिहून टाकलंय की घरात आई आहे आणि साडेतीन वर्षांची मुलगी आहे. माझं उत्तर त्या शेवटच्या वाक्यापाशीच अडतंय पण आधी फायद्याचं सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई आधीच ठरवून बसलीये.

आमचा बंडू इंडी म्हणजे आपला गावठी कुत्रा आहे, पुण्यातल्या धायरीत पावसात सापडलेला, आता ५ वर्षांचा. मे २०२४ मधे मी त्याचं रॉ चालू केलं ते जानेवारी २०२५ पर्यंत. फायदे दिसले, खोटं कशाला बोलू. शी खरंच निम्मी झाली आणि घट्ट, वासही कमी, पावसाळ्यात रोज दोनदा पिशवी घेऊन फिरणाऱ्या माणसाला विचारा याची किंमत. केस चमकायला लागले. जो कुत्रा पाकिटातल्या गोळ्यांकडे बघून माझ्याकडे असं बघायचा की जणू मी त्याला उपाशी मारतेय, तो ताट चाटून पुसून ठेवायला लागला. पण चमक येते ती चरबीने, ती शिजवलेल्या अन्नातून पण मिळते. आणि खाज अजिबात गेली नाही, कारण डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी चिकनचीच असेल तर चिकन कच्चं दे नाहीतर शिजवून दे, प्रोटीन तेच ना. बंडूची खाज शेवटी गोचिडांची निघाली, ते वेगळंच.

मित्र लांडग्याची गोष्ट सांगेल, ती सगळे सांगतात. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडगा कुठे कुकर लावतो वगैरे. २०१३ मधे स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या जीनच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणजे हजारो वर्षं माणसाच्या दारात भाकरतुकडा खाऊन त्याचं पोट बदललंय. कच्च्या मांसात एन्झाइम्स असतात म्हणून पचतं हे पण ऐकाल, कुत्र्याचं स्वादुपिंड स्वतःची एन्झाइम्स बनवतं, त्याला उसनी लागत नाहीत.

आता आमच्या घरचा तमाशा. सासूबाई शाकाहारी, त्यामुळे बाल्कनीत जुना छोटा फ्रिज फक्त बंडूसाठी, कोपऱ्यातल्या चिकनवाल्याकडून मुंड्या, पाय, गळे, कलेजी असं किलोवर आणायचं, पिशव्या भरून फ्रीझरला टाकायचं. आणि गुरुवारी लाईट जाते. पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, मेंटेनन्सच्या नावाखाली सकाळी गेली की कधी दुपारी येते कधी संध्याकाळी, मे महिन्यात तेवढ्या वेळात पिशवीत लाल पाणी साचलेलं असायचं आणि मी ते परत गोठवायचे, कारण ३ किलो टाकून कोण देणार. मला वाटायचं गोठवलं की जंतू मरतात. मरत नाहीत, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) नुसता झोपतो आणि वितळलं की उठतो. मग एका ठिकाणाहून तयार पाकिटं मागवून बघितली, ती पण डिलिव्हरीवाल्याच्या हातातच अर्धी मऊ झालेली यायची.

हाडांचं पण घ्या. शिजवलेलं हाड कधीच देऊ नये, ते फुटून काड्या होतात, हे मला माहिती होतं. कच्चं चालतं असं वाचून मी मटणवाल्याकडून मस्त जाड नळी आणली, बंडूने १५ मिनिटांत वरची मोठी दाढ उभी चिरून घेतली. भूल देऊन काढावी लागली, बिल बघून नवरा २ दिवस बोलला नाही. त्याआधी गळे जास्त झाले की खडूसारखी पांढरी शी आणि कुंथणं, ते वेगळं.

आणि मग जानेवारी २०२५. तुम्ही पुण्यात असाल तर आठवत असेलच, सिंहगड रोडला जीबीएसची (गिलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तिथलंच नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, म्हणजे अक्षरशः आमच्या आजूबाजूला, दोनशेच्या वर संशयित पेशंट, आधी जुलाब आणि मग काही दिवसांनी पायातली ताकद जायची, काहीजण व्हेंटिलेटरवर. संशय मुख्यतः पाण्यावर होता, आम्ही सगळे पाणी उकळून पीत होतो. पण काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा, जीबीएसला निमित्त ठरू शकणारा जंतू सापडला, आणि मी त्याच आठवड्यात बंडूला रेबीजच्या इंजेक्शनला नेलं होतं तर डॉक्टरांनी विचारलं, अजून कच्चे गळे देताय का? म्हटलं हो. म्हणाले हा जंतू कुठे राहतो माहितीये का, कोंबडीच्या आतड्यात. धडधाकट कोंबडी असते, तिला काहीच होत नाही, कापताना मांसाला लागतो. आणि वर हे सांगितलं की कुत्र्यांना पण जीबीएससारखाच आजार होतो, मागचे पाय लुळे पडतात आणि मग पुढचे. मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मधे असे २७ आजारी कुत्रे आणि ४७ बिनआजाराचे कुत्रे ताडून पाहिले, आजारी कुत्र्यांमधे कॅम्पिलोबॅक्टर सापडण्याची शक्यता ९.४ पट जास्त निघाली, आणि त्यांचा मुख्य संशय कच्च्या चिकनवर, त्यातही गळ्यांवर. मी घरी आले आणि बाल्कनीतला फ्रिज बघत उभी राहिले. घरात सगळे पाणी २० मिनिटं उकळतायत आणि मी रोज सकाळी त्याच जंतूचं घर नळाखाली धुतेय, शिंतोडे ओट्यावर, मग तेच हात पुसून सासूबाईंचा चहा. त्याच दिवशी बंद केलं. आमच्याकडे कोणाला काही झालं नव्हतं हे पण सांगते, उगाच घाबरवायला लिहीत नाहीये.

म्हणून तुमच्या मुलीचं म्हणत होते. कुत्र्याला स्वतःला बहुतेक वेळा काहीच होत नाही, तो छान शेपटी हलवत असतो आणि शीतून, लाळेतून साल्मोनेला टाकत असतो. लॅब म्हणजे चाटणार, साडेतीन वर्षांची पोर म्हणजे त्याच्या ताटात हात घालणार आणि तोच हात तोंडात. तुम्ही कितीही साबण वापरा, हे २४ तास कोण राखणार?

दुसरी गोष्ट खास तुमच्या पिल्लासाठी, आणि माझ्या मते ही जंतूंपेक्षा मोठी आहे. १०० ग्रॅम चिकन ब्रेस्टमधे फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १०. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. नुसतं मांस देत राहिलात तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, कधी नुसत्या उडीने मोडतात. मग लोक घाबरून वरून कॅल्शियमचं सिरप ओततात, तर लॅबसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त कॅल्शियमने पण सांध्यांचा त्रास होतो. म्हणजे अंदाजपंचे चालतच नाही. मोठ्या कुत्र्याचं एकवेळ निभावतं, ७ महिन्यांच्या लॅबचं नाही. त्याला पूर्ण वाढ होईपर्यंत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असलेलं तयार खाणंच ठेवा, गोळ्या आवडत नसतील तर कोमट पाणी आणि थोडं उकडलेलं चिकन वरून, आवडीने खाईल.

बकऱ्याची कलेजी किंवा फोपसा (फुफ्फुस) स्वस्तात मिळतो म्हणून कच्चा तर अजिबात देऊ नका. त्यात पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी असू शकतात, त्या खाऊन कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो, त्याची अंडी शीतून येतात आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तशीच गाठ वाढते, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. जंताचं औषध वेळेवर देत असाल तरी ही रिस्क कशाला.

मांजर नाहीये तुमच्याकडे पण उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असेल म्हणून सांगते. डिसेंबर २०२४ मधे नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने गेले, खाण्यातल्या चिकनवरच संशय होता, नंतर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांमधे पण तो सापडला. मांजराला मांसच लागतं हे बरोबर आहे, पण शिजवून, आणि टॉरिनचा (मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं पोषकद्रव्य) हिशोब डॉक्टरांना विचारून.

आम्ही आता काय करतो, तर कुकरला चिकन, त्यात भात आणि लाल भोपळा, कलेजी आठवड्यातून एकदा थोडीशी, अंड्याच्या टरफलाची पूड डॉक्टरांनी वजन करून ठरवून दिलेली, आणि शिजल्यावर बाजूला काढलेली सगळी हाडं थेट कचऱ्यात. शी परत थोडी वाढली. बंडू ताट अजूनही पुसून खातो, फक्त रविवारी चिकनवाल्याच्या दुकानासमोर आला की बसकण मारतो आणि उठत नाही, १८ किलोचा कुत्रा ओढत न्यावा लागतो आणि तो चिकनवाला हसत म्हणतो, ताई एक गळा टाकू का?